पाठ लागली नाही, मग दहा-शून्य कसं?

पत्र असं आहे:

“माझा मुलगा सातवीत आहे. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेत १४ वर्षांखालच्या गटात खेळला. दीड मिनिटही झालं नसेल, तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली आणि समोरच्या मुलाचा हात वर केला. फलकावर १०-० होतं. माझे सासरे, म्हणजे आप्पा, जुने पैलवान. ते जागेवरून उठून ओरडले, ‘पोराची पाठ लागली न्हाई, कुस्ती सोडवलीच कशी? उलट त्या दुसऱ्याचीच पाठ टेकली!’ तेव्हापासून घरात हाच विषय आहे. मुलगा तालमीत जायचं नाव काढत नाही. मला कुस्तीतलं काही कळत नाही. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत इतकंच दिसतं, की सुरुवातीलाच त्या मुलानं याचे पाय धरून खाली पाडलं आणि मग कमरेला मिठी मारून चार वेळा लोळवलं. अन्याय झाला का? कुठं अर्ज करू? आणखी एक. वस्ताद म्हणतात, पुढच्या वर्षी खालच्या वजनगटात उतरवू, वजनाच्या आधी दोन दिवस जेवण-पाणी तोडा. तसं करू का? — एक आई, ता. कराड”

ताई,

अन्याय झालेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमची सगळी तगमग त्या एका प्रश्नाभोवती आहे. पण आप्पाही खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलं ते खरंच घडलं असणार. नातवाची पाठ लागली नाही, आणि दुसऱ्या मुलाची पाठ क्षणभर मॅटला टेकली. उभा जन्म मातीत घालवलेल्या माणसाची नजर आधी पाठीवरच जाणार. मी ३१ वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि त्यातली बरीच वर्षं अशाच स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो. आप्पांसारखी हाक मी कितीतरी मैदानांवर ऐकली आहे. दर वेळी वाटायचं, कुस्ती थांबवावी आणि त्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून त्यांना नीट समजावून सांगावं. तेव्हा जमलं नाही, आता तुमच्या पत्राच्या निमित्तानं सांगतो.

आप्पांच्या काळच्या जत्रेतल्या मैदानात निकाल एकच, चीतपट. अर्धा-पाऊण तास झोंबाझोंबी झाली आणि कोणाचीच पाठ लागली नाही, तर कुस्ती बरोबरीत सुटायची. मधल्या वेळात कोण कितीदा खाली गेला, कोण कितीदा मरता मरता वाचला, याची नोंद कुठंच व्हायची नाही. एखादा गडी वीस मिनिटं खाली दबून राहिला आणि तरी पाठ वाचवून उठला, तर लोक त्याच्या चिवटपणाला टाळ्या द्यायचे. द्यायलाच हव्यात.

मॅटवर चीतपट गेलेली नाही. आजही ती सगळ्यांत मोठी आहे, आणि झाली की कुस्ती तिथंच संपते, मग फलकावर काहीही असो. पण पाठ लागण्याच्या जवळ नेण्यालाही मॅटवर मोल आहे. कोणी कोणाला खाली घेतलं, कोणाची पाठ मॅटकडे वळवली, कोण मागं सरत राहिला, या सगळ्याचा हिशेब चालू असतो. म्हणजे ‘पाठ वाचवली’ हे मातीत पुरेसं होतं, मॅटवर ते पुरत नाही. तुमच्या मुलानं पाठ चारही वेळा वाचवली. पण चारही वेळा ती वाचवायची वेळ आली, आणि गुण त्याचे गेले.

आता व्हिडिओ काढा आणि हिशेब मांडू.

पाय धरून खाली पाडलं म्हणजे पट काढला. तुमचा मुलगा गुडघ्या-हातांवर आला आणि समोरच्यानं मागून ताबा घेतला. ताब्याचे २ गुण. यासाठी पोटावर आडवं पडायलाच हवं असं नाही. दोन गुडघे आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक गुडघा टेकला, आणि वरचा गडी मागून धरून आहे, एवढं पुरे. मग कमरेला मिठी मारून लोळवलं, तो भारंदाज. आप्पांना हा शब्द सांगा, ते लगेच ओळखतील. एका भारंदाजाला २ गुण. चार वेळा लोळवलं म्हणजे ८. आधीचे २ आणि हे ८, झाले १०. तुमचा मुलगा खेळला तो प्रकार, ज्यात पाय धरता येतात, तो फ्रीस्टाइल. त्यात दोघांतला फरक १० गुणांचा झाला की पंच कुस्ती थांबवतात आणि विजय तांत्रिक गुणाधिक्यावर देतात. ग्रीको-रोमनमध्ये, म्हणजे कमरेखाली धरायची बंदी असलेल्या प्रकारात, हाच आकडा ८ आहे, पण तुमच्या मुलाच्या गटाला सध्या त्याच्याशी काम नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींत सगळे दहा गुण होते, ताई. पंचांनी एकही वाढवला नाही.

आप्पा विचारतील, पाठ टेकलीच नाही तर लोळवण्याचे २ गुण कशाचे? याचं उत्तर तोंडी देऊन उपयोग नाही, घरात करून दाखवा. मुलाला सतरंजीवर कुशीवर झोपवा. कुशीवर असताना त्याची पाठ जमिनीशी बरोबर काटकोनात आहे. आता खांद्याला धरून त्याला हळूच मागं, पाठीच्या बाजूला कलवा. जिथं तो काटकोन मोडला, तिथून धोक्याची स्थिती सुरू झाली. पाठ टेकायला अजून वीतभर अंतर असेल, तरी पंचांच्या दृष्टीनं वरच्या गड्यानं खालच्याला संकटात टाकलं, आणि २ गुण झाले. खालचा पूल करून, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान करून, टाळूवर तोलला गेला किंवा कोपरांवर अडकला, तरी ते धोक्यातच. भारंदाजात मूल एका कुशीवरून पाठीच्या बाजूनं दुसऱ्या कुशीवर जातं, त्या वाटेत हा कोन मोडतोच.

मग त्या दुसऱ्या मुलाची पाठ टेकली, तिचं काय? आप्पांच्या रागाची खरी गाठ इथं आहे, आणि त्यांचा प्रश्न बिनबुडाचा मुळीच नाही. भारंदाज मारणारा स्वतः पूल करून खालच्याला आपल्या अंगावरून पलीकडे नेतो. त्या फिरकीत त्याचे खांदे क्षणभर मॅटला लागू शकतात. नियम म्हणतो, स्वतःच्या डावाच्या ओघात खांदे नुसते टेकून गेले तर ते मोजायचं नाही. पण तो तिथं अडकला, किंवा खालच्यानं त्याला त्याच अवस्थेत रोखून धरलं, तर गुण फिरतात आणि ते खालच्याला मिळतात. धरून दाबलं तर चीतपटही होते. म्हणजे आप्पांना जी संधी दिसली ती होती. नातवाला ती घेता आली नाही, कारण त्याला कोणी ते शिकवलेलं नव्हतं. हे शिकवायला आप्पांहून चांगला माणूस तुमच्या घरात दुसरा कोण आहे?

बाकीचे गुण आता भराभर सांगतो, कारण हे दोन नियम समजले की निम्मी कुस्ती समजली. उभ्यानं धरून थेट पाठीच्या बाजूवर फेकलं तर ४ गुण. ढाक नीट बसली की असं होतं. तीच फेक उंच कमान घेऊन आली आणि समोरचा सरळ धोक्यात पडला तर ५. खाली असलेला गडी पालटून वर आला आणि त्यानं ताबा घेतला तर १. उभ्या कुस्तीत एक पाऊल पूर्णपणे रिंगणाबाहेर पडलं तर समोरच्याला १. हे रिंगण ९ मीटर व्यासाचं असतं आणि त्याच्या आतल्या कडेला १ मीटर रुंदीचा वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. पाय त्या पट्ट्यात आला की समजायचं, कड जवळ आली. व्हिडिओ बघताना मुलाचे पाय बघा. लहान मुलांना मागं सरायची सवय असते, मातीत त्याची शिक्षा नसते, मॅटवर असते.

नुसतं टाळत राहणाऱ्याला, डाव न करणाऱ्याला पंच आधी तोंडी समज देतात. पुन्हा तेच केलं तर ३० सेकंदांची मुदत. त्या मुदतीत कोणाचाच गुण झाला नाही, तर टाळणाऱ्याच्या विरोधात १ गुण जातो. तुमच्या मुलाच्या वयाला दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पहिल्या फेरीतले गुण दुसरीत तसेच पुढं चालतात.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण गावात कोणी काका तुम्हाला वेगळं सांगतील आणि तेही खरंच सांगत असतील. २०१३ पर्यंत प्रत्येक फेरी वेगळी जिंकावी लागायची आणि ताब्याला १ गुण होता. त्या वर्षी फेब्रुवारीत ऑलिम्पिकच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला २०२० पासून मुख्य खेळांतून वगळायची शिफारस केली. जगभरच्या कुस्तीवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लोकांना कुस्ती समजत नाही, पैलवान एकमेकांना ढकलत वेळ काढतात, ही तक्रार खरीच होती. मग काही महिन्यांत नियम बदलले, गुण एकत्र मोजायला लागले, ताब्याला २ झाले, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिम्पिकमध्ये परत आली. आजच्या नियमांचा सगळा कल चढाई करणाऱ्याकडे आहे, त्याचं कारण हे. तुमच्या सातवीतल्या पोराच्या अंगावर जे १० गुण पडले, त्यांची मुळं तिथपर्यंत जातात.

आप्पांना आणखी एक कुस्ती दाखवा, मोबाइलवर सापडेल. ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक, ५७ किलोची उपांत्य फेरी. आपला रवी दहिया कझाकस्तानच्या पैलवानापुढं २-९ असा मागं पडला होता. आणखी एक-दोन डाव बसले असते तर तुमच्या मुलासारखीच त्याचीही कुस्ती फरकावर संपली असती. रवीनं गुण भरून काढत शेवटच्या मिनिटात त्याला पाठीवर घेतलं आणि दाबून धरलं. समोरच्यानं दंडाला चावा घेतला, तरी पकड सुटली नाही. चीतपट झाली आणि फलकावरचे सगळे आकडे तिथंच विरले. आप्पांना जी कुस्ती माहीत आहे ती मॅटवर जिवंत आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

चीतपटीबद्दल मात्र एक बारकावा. दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला लागायला हवेत आणि वरच्याचा पूर्ण ताबा आहे हे पंचांना दिसेल इतका वेळ ते तिथं राहायला हवेत. हा वेळ फार नाही, पण नुसता स्पर्श चालत नाही. आणि हा निर्णय एकटा माणूस घेत नाही. मॅटवर उभा पंच, बाजूला बसलेला पंच आणि टेबलावरचा मॅट चेअरमन असे तिघं असतात, आणि गुण असो की चीतपट, दोघांचं एकमत लागतं. मॅटवरच्या पंचाच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी असते, उजव्यावर निळी. ज्या हाताची बोटं वर, त्या रंगाच्या मुलाला तेवढे गुण. पुढच्या वेळी मुलाचा पोशाख कुठल्या रंगाचा आहे ते आधी पक्कं करा आणि फलकाऐवजी पंचाच्या त्या हाताकडे बघा. पाच मिनिटांत तुम्हाला कुस्ती वाचता यायला लागेल.

आणि बरोबरी? मॅटवर ती होतच नाही. ४-४ झाले तर कोणाचा एकेक डाव मोठा होता ते बघतात. एकानं ४ गुणांची एकच फेक केली असेल आणि दुसऱ्यानं २-२ चे दोन डाव, तर फेकवाला जिंकला. तेही सारखं असेल तर ज्याला शिक्षेच्या ताकिदी कमी तो. तेही सारखं, तर ज्यानं शेवटचा गुण घेतला तो. ‘आमचे पण चारच हुते की’ म्हणून रडणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वस्तादांनाही हा नियम धड सांगता येत नव्हता याचं मला फार वाईट वाटायचं.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्त्या पुष्कळ दिसतात. मुलगा ते बघत असेल तर एवढं त्याला सांगा, की तो हिशेब निराळा आहे. तिकडे खालून निसटून उठलं तरी १ गुण मिळतो, पाठ किती सेकंद धोक्यात ठेवली ते पंच हातानं मोजत असतो, फेऱ्या तीन असतात आणि १५ गुणांच्या फरकावर कुस्ती संपते. डाव शिकायला बघावं, गुण शिकायला बघू नये.

अर्जाचं विचारलंत. करू नका. गुणांबद्दल शंका असेल तर ती कुस्ती चालू असताना, कोपऱ्यात बसलेल्या वस्तादांनी, तिथल्या रीतीप्रमाणे मांडायची असते. महिन्यानंतर, तेही जिथं हिशेब चोख जुळतो आहे अशा कुस्तीवर अर्ज केला, तर मुलाच्या मनात कायमचं बसेल की आपण हरलो ते पंचांमुळं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात चीतपटीच्या निर्णयावरून जे घडलं, पंचावर लाथ उगारली गेली आणि पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली, ते तुमच्याही घरात टीव्हीवर दिसलं असेल. पाठ लागली की नाही, यावर आपल्याकडं रक्त तापतं. मुलाच्या कानावर घरात रोज ‘पंच खाऊन गेले’ हेच पडू देऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

याचा अर्थ नियम निमूट सोसायचे असा नाही. उलट ते इतके नीट माहीत हवेत की गरज पडेल तेव्हा बोलता येईल. तुमच्या तालुक्यातलं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला ते गेले ते मातीतून. मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या स्पर्धेत जपानच्या शोहाची इशीबरोबर दमछाक करणारी लांब कुस्ती झाली आणि लगेच त्यांना सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो धरून बोलायला आपल्या पथकातलं जबाबदार माणूस तिथं हजर नव्हतं, असं सांगतात. कुस्ती सांगताना ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायचो, आणि दर वर्षी माझा आवाज चढायचा. नियम माहीत असलेलं एक माणूस कोपऱ्यात असणं, याचं मोल ते होतं.

आता वजनाचं. इथं मी अजिबात मऊ बोलणार नाही. जेवण-पाणी तोडू नका. एक दिवस नाही, एक वेळ नाही. तेरा वर्षांचं मूल वाढीला लागलेलं आहे. त्याच्या अंगातून दोन दिवसांत उतरतं ते पाणी असतं, चरबी नव्हे, आणि पाणी उतरलं की ताकद, दम आणि डोकं तिन्ही उतरतात. १९९७ साली अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत तीन कॉलेजकुमार पैलवान वजन उतरवता उतरवता मेले. घाम काढायला हवा न जाणारे कपडे घालून व्यायाम करत होते. त्यानंतर तिकडचे वजनाचे नियमच बदलले. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगटनं रात्रभर काय काय केलं आणि तरी १०० ग्रॅमनं ती बाद झाली, हे साऱ्या देशानं पाहिलं. ती प्रौढ होती, जगातली अव्वल पैलवान होती, सोबत डॉक्टर होते.

आणि माझ्या हातून झालेलंही लिहितो. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला मी वजनाच्या आदल्या रात्री रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सातशे ग्रॅम उतरवायचे होते. उतरले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच कुस्तीत तो पोरगा मॅटवर उभ्याउभ्या कोसळला. सलाईन लावलं, वाचला, आज धडधाकट आहे, त्याची स्वतःची मुलं आहेत. पण त्याची आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती आणि तिनं मला एक शब्द विचारला नाही, ते मला अजून झोपू देत नाही. तुमचे वस्ताद वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मीही वाईट नव्हतो. त्यांना शांतपणे सांगा, मुलगा ज्या वजनाचा आहे त्या वजनात खेळेल. ऐकलं नाही तर वस्ताद बदला. भाकरी, दूध, डाळ, अंडी किंवा मटकी, जे घरात आहे ते पोटभर द्या. पुढच्या वर्षापर्यंत तो वाढेल, वजनगटही आपोआप वरचा येईल. येऊ द्या.

वजनाच्या वेळी नखं कापलेली असू द्या, तिथं बघतात. अंगावर नायटा-गजकर्ण असेल तर आधीच औषध घ्या. मॅटवर तो पटकन एकाचा दुसऱ्याला लागतो आणि वैद्यकीय तपासणीत मुलाला परत पाठवू शकतात. आणि आप्पांना एक जरूर सांगा. मानेमागून दोन्ही हात गुंफून मान दाबायचा जो डाव आहे, इंग्रजीत त्याला फुल नेल्सन म्हणतात, तो या वयाला पूर्ण बंद आहे. मानेला मिठी मारताना समोरच्याचा एक हात आत धरावाच लागतो. बोटं पिरगळणं, गळा दाबणं, केस ओढणं, हात पाठीमागं काटकोनाच्या पलीकडं वळवणं, हे सगळं बंद. तीन ताकिदी झाल्या की कुस्ती हरली. जुन्या तालमीतले काही डाव प्रेमानं शिकवले जातात आणि मॅटवर पोराला बाहेर काढतात, म्हणून लिहिलं.

राहिला मुलगा. तो तालमीत जात नाही याचं कारण हरणं नाही, असं मला पत्र वाचून वाटतं. नव्वद सेकंदांत आपल्याला काय झालं हेच त्याला कळलेलं नाही, आणि घरातली मोठी माणसं त्यावर भांडताहेत. न कळलेली हार फार जड असते. त्याला ‘का हरलास’ असं विचारू नका. व्हिडिओ लावा आणि विचारा, ‘पहिल्यांदा लोळवलं त्याच्या आधी त्याचे हात कुठं होते?’ तिथं थांबवा. बहुतेक दिसेल की ताबा घेतल्यावर त्या मुलाला कमरेभोवती हात जुळवायला पुरेसा वेळ मिळाला. तुमचा मुलगा तोवर उठायच्या घाईत गुडघ्यांवर आला असेल आणि पोटाखाली मोकळी जागा झाली असेल. भारंदाज तिथंच मारला जातो. पहिला बसला की पकड आणखी आवळते, म्हणून दुसरा, तिसरा, चौथा लागोपाठ येतो. खाली गेल्यावर छाती मॅटला, पाय फाकवलेले, कंबर जड करून खाली, कोपरं बरगड्यांशी घट्ट, आणि समोरच्याचा हात आत शिरू लागला की बाकी सगळं सोडून त्या हाताशी भांडायचं. वरच्याला थोडा वेळ काही करू दिलं नाही, की पंच दोघांना उभं करतात आणि कुस्ती पुन्हा सुरू होते. म्हणजे त्याला सगळी कुस्ती बदलायची नाही, खाली गेल्यावरची पहिली दहा-पंधरा सेकंदं सांभाळायची आहेत. दहा गुणांचं ओझं होतं, ते एवढंसं होऊन जातं.

हे शिकवायचं काम आप्पांना द्या. भारंदाजाची तोड त्यांच्या हाडात आहे. शब्द वेगळे असतील, पकड तीच आहे. त्यांना फक्त मॅट दाखवावी लागेल. तुमच्या भागात जिथं गादीवरचा सराव चालतो तिथं त्यांना नातवाबरोबर न्या, बसायला खुर्ची मागून घ्या, आणि पहिल्या दिवशी त्यांनी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असं आधी ठरवा. तुम्ही एक वही घ्या. लाल आणि निळा असे दोन रकाने आखा आणि पंचाचं बोट वर झालं की आकडा लिहा, शेजारी आप्पांना विचारून डावाचं नाव लिहा. दोन-तीन कुस्त्यांनंतर बोट वर व्हायच्या आधी तुमच्या तोंडून आकडा निघेल. चुकलाच तर मुलगा दुरुस्त करेल.